नाड्यावर बसून

अंबाजोगाईला मार्गशीर्षात योगेश्वरीची यात्रा भरायची, तेव्हा दरवर्षी एक लाकडी पाळणा यायचा. मोठा नव्हता, एका वेळी सोळा पोरं बसतील एवढाच. त्याला मोटर नव्हती की इंजिन नव्हतं. दोन गडी होते. एक जण आऱ्यांवरून सरसर वर चढायचा, वरच्या दांडीला दोन्ही हातांनी लोंबकळायचा आणि त्याच्या वजनानं ती बाजू खाली यायला लागायची. जमीन जवळ आली की तो उडी मारून बाजूला व्हायचा, तोवर दुसरा वर पोचलेला असायचा. मी पाळण्यात बसले की गाव बघायचं सोडून त्या माणसाच्या पायांकडं बघायची. भेगाळलेल्या टाचा, डाव्या घोट्याला काळा दोरा, आणि आऱ्यावर पाय टाकताना अंगठा असा वळायचा की वाटावं, यानं पायानंच दांडी धरलीय. आपण या माणसाच्या अंगावर फिरतोय हे आठव्या-नवव्या वर्षीही कळत होतं.

पुढं वाचनात आलं की असला पहिला प्रचंड पाळणा शिकागोच्या १८९३ च्या प्रदर्शनात जॉर्ज फेरिस नावाच्या इंजिनिअरनं उभा केला होता. उंची २६४ फूट, ३६ डबे, एकेका डब्यात साठ माणसं मावायची आणि फिरवायला वाफेची इंजिनं. वाचताना मला तो काळा दोराच आठवला.

हे सगळं आत्ता वर आलं ते भाच्यामुळं. दिवाळीच्या सुट्टीत तो आईवडिलांबरोबर घाटाखालचा मोठा पार्क बघून लातूरला परत आला. आठवडाभर त्याच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. कुठल्या राइडला पोटात गोळा आला, कुठं रांग किती, कुठं वडील ओरडले. मग एका संध्याकाळी मला म्हणाला, "आत्या, तिथं राजवाडा होता, जंगल होतं, परदेशातलं गाव होतं. आपल्याकडचं काहीच कामून नव्हतं?"

मी शाळेत चित्रकला शिकवते. मला उत्तर सुचलं नाही, पण कागद सुचला. गेल्या वर्षीच्या कॅलेंडरची दोन पानं पाठमोरी चिकटवली आणि आम्ही दोघं जमिनीवर बसलो. तेव्हापासून दर रविवारी हेच चालू आहे. हा आमचा मराठवाड्याचा पार्क.

नकाशा काढायला बसलं की पहिला प्रश्न येतो, मधोमध काय? कॅलिफोर्नियात १७ जुलै १९५५ ला डिस्नेलँड उघडलं, तेव्हा त्याच्या मध्यभागी किल्ला होता आणि तिथून वेगवेगळ्या दुनियांकडं रस्ते फुटत होते. पुढच्या बहुतेक पार्कांनी तेच उचललं. ती रचना खरंच पक्की आहे, माणूस हरवत नाही. पण आपल्या गावात मधोमध किल्ला नसतो, पार असतो. म्हणून वेशीतून आत आलं की मोठा दगडी पार, त्यावर लिंब, आणि पारापासून वाटा फुटलेल्या. दमलेल्या आजी-आजोबांना बसायला जागा झाली आणि हरवलेलं पोर कुठं सापडेल तेही ठरून गेलं. प्रत्येक रस्त्याच्या टोकाला नजर ओढून घेणारं उंच काहीतरी हवं, ही वॉल्ट डिस्नेची युक्ती; आम्ही एका वाटेच्या टोकाला चांदमिनार उभा केला. दौलताबादला तो हे काम पंधराव्या शतकापासून करतोय. एसटीच्या खिडकीतून तो दिसला की मुलं आपोआप सीटवर उभी राहतात.

त्या वाटेवरची राइड मी भाच्याला विचारूनही घेतली नाही. ती माझी आहे.

चौथीत असताना आबांनी मला देवगिरी, म्हणजे हाच दौलताबादचा किल्ला, दाखवला. यादवांचा किल्ला, सगळी टेकडीच खालून ताशीव कडा करून टाकलेली, भोवती खंदक. खंदक ओलांडून गेलं की वर जायचा रस्ता डोंगराच्या पोटातून जातो. तीच अंधारी. तोंडाशी मशाल घेतलेला वाटाड्या होता, त्यानं दहा-बारा माणसं गोळा केली आणि आम्ही आत शिरलो. पहिल्या वळणाला मागचा उजेड गेला. पायऱ्या एकसारख्या नाहीत, एक वीतभर तर पुढची गुडघ्याएवढी. वटवाघळांचा तो उग्र वास घशात बसला. मग एका जागी वाटाडा थांबला, म्हणाला, "आता बघा हं," आणि मशाल पाठीमागं धरली.

काहीच नव्हतं. डोळे उघडे आहेत की मिटलेत तेही कळेना. वर कुठंतरी पंख फडफडले. माझ्या हातात आबांचा हात होता आणि त्या काळोखात मला पहिल्यांदा कळलं की त्यांच्या तळव्याला इतके घट्टे आहेत. वाटाड्याचा आवाज तेवढा येत होता. शत्रू इथवर आला की त्याला वाटेत फुटलेला खोटा उजेड दिसायचा, तो तिकडं वळला की खाली खंदक. वरच्या तोंडाला लोखंडी झाकण, त्यावर जाळ करायचा आणि धूर आत सोडायचा.

आम्ही बाहेर आलो तेव्हा अंगावर जो वारा आला, तसा वारा मला पुन्हा कुठं लागला नाही.

आता याची राइड कशी करायची? डिस्नेलँडमधल्या भुताच्या वाड्यात १९६९ पासून लोक छोट्या गाडीत बसून फिरतात आणि तुम्ही काय बघायचं ते ती गाडीच ठरवते. हवं तिकडं तुमचं तोंड वळवते. कारागिरी म्हणून मला त्याचं फार कौतुक आहे. पण अंधारीत तुम्हाला कुणी वळवत नाही, म्हणूनच भीती वाटते. आमच्या अंधारीत गाडी नाही. दहा माणसं, एक मशाल, भिंतीला हाताच्या उंचीवर दोर. मधल्या वळणावर मशाल जाते. कुणाला जमेना झालं तर दोर दोनदा ओढायचा, बाजूचं दार उघडतं आणि बाहेर पाणी घेऊन माणूस उभा असतो. बाकी काही नाही. भूत नाही, किंकाळी नाही, अंगावर पडणारा सांगाडा नाही. शेवटी एकदम उघडं माळरान आणि वारा. त्या वाऱ्यासाठी तोंड पश्चिमेला ठेवलंय.

दुसरी वाट वेरूळची. इथं भाच्यानं मला हरवलं. मी नेहमीसारखा उंच मनोरा काढत होते, वर न्यायचं आणि धाडकन सोडायचं. तो म्हणाला, "पण आत्या, कैलास तर वरून खाली केलाय ना?"

खरंच की. सोळा नंबरचं लेणं, आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळातलं. आधी डोंगरात तीन बाजूंनी चर खणले, मधे राहिलेल्या खडकात कळसापासून सुरुवात केली आणि खोदत खोदत पायथ्याशी पोचले. सुमारे शंभर फूट. परांची लागली नाही आणि चूक दुरुस्त करायची सोय नव्हती. कथा अशी सांगतात की राणीनं व्रत घेतलं होतं, देवळाचं शिखर दिसल्याशिवाय अन्न घेणार नाही. खालून बांधायला घेतलं तर शिखर दिसायला वर्षं लागणार. तेव्हा कोकस नावाचा स्थपती पुढं आला आणि त्यानं आधी शिखरच कोरून दाखवलं.

तर आमची राइड अशी. तुम्ही सपाट कातळावर उभे आहात, भोवती कठडा, समोर नुसता खडक. छिन्नीचा आवाज सुरू होतो, एकाचा, मग दहांचा, मग शेकडोंचा. पायाखालची जमीन खाली जायला लागते, अगदी सावकाश, आणि समोरच्या खडकातून कळस बाहेर येतो. मग शिखराचे थर, मग छत, मग गच्चीवरचे सिंह, खांब, आणि सगळ्यात शेवटी पाठीवर देऊळ पेललेले हत्ती. पाळणा थांबतो तेव्हा तुम्ही अंगणात उभे असता आणि मान वर करून बघता. जगातल्या झाडून सगळ्या राइड वर चढवून खाली आपटतात. ही एक खाली नेऊन वर बघायला लावते. उंचीला घाबरणाऱ्या माझ्यासारखीलाही तिच्यात बसता येईल.

अजिंठ्याला आम्ही फार वेळ दिला नाही. चित्रांसमोर चाकं फिरवणं मला पटत नाही. एक काळोखं दालन, दाराशी ऊन, आणि मुलांच्या हातात आरसे. लेण्यांत वीज नव्हती तेव्हा असाच परावर्तित उजेड आत सोडून चित्रं दाखवायचे. उजेड नीट पाडला तर भिंतीवरचा हत्ती दिसेल, हात हलला तर जाईल.

तेर मात्र भाच्याचं लाडकं. धाराशिवपासून जवळचं गाव. पहिल्या शतकातल्या ग्रीक खलाशाच्या प्रवासवर्णनात त्याचं तगर हे नाव येतं. इथला माल बैलगाड्यांवरून पश्चिमेच्या बंदरांकडं जायचा, तिथून जहाजानं पार रोमपर्यंत. तेरला मिळालेली हस्तिदंती बाहुली आणि इटलीतल्या पॉम्पेईला मिळालेली मूर्ती एकमेकींच्या नात्यातल्या वाटतात. पण भाच्याला रोमचं काही नाही, त्याला गोरोबाकाका आवडतात. पार्कांत गोल फिरणाऱ्या कपबशा असतात, तसा आमच्याकडं कुंभाराचा चाक आणि त्यावर रांजण. एकेका रांजणात चार मुलं, मधला चाक मोठ्या दांड्यानं मुलांनीच फिरवायचा. फिरणं थांबलं की बाहेर पडताना प्रत्येकानं आपल्या रांजणावर थापटणं मारून बघायचं, आवाज बद्द येतो की खणखणीत. गोरोबाकाकांनी संतांची डोकी अशीच थापटून बघितली आणि नामदेवांचं मडकं कच्चं निघालं, ही गोष्ट आमच्याकडं पोरांना शाळेच्या आधी माहीत असते. नामदेवही आमचेच, हिंगोलीजवळच्या नरसीचे. त्यामुळं त्यांना कच्चं म्हटलेलं आम्हाला जरा लागतंही.

मग एक रविवार असा आला की आमचं जमलं नाही.

भाच्यानं मोबाइलवर परदेशातल्या पार्कातली भूकंपाची राइड बघितली होती. रस्ता फाटतो, गाडी तिरकी होते, पाण्याचा लोंढा येतो. "आत्या, आपल्याकडं तर खरा भूकंप झाला होता. किल्लारीची करू."

मी अकरा वर्षांची होते. ३० सप्टेंबर १९९३, आदल्या दिवशी गणपती विसर्जनाला गेले होते, त्यांच्या पाटावर अजून अक्षता होत्या. पहाटे चारच्या आसपास मांडणीवरची भांडी आधी किणकिणली आणि मग एकदम खाली आली. आबांनी मला चादरीसकट उचलून अंगणात नेलं. अंबाजोगाईत आमचं काही पडलं नाही. उजाडल्यावर ट्रक यायला लागले, दवाखान्याच्या रस्त्यानं, आणि आईनं मला खिडकीतून बाजूला ओढलं. पुढं कितीतरी दिवस आम्ही अंगणातच झोपलो. आजही रात्री शेजारी जड कपाट सरकवलं की माझे पाय आधी जमिनीवर जातात, जाग मागून येते.

मी त्याला म्हटलं, नाही. जे लोक त्यातून वाचले ते अजून आपल्यात आहेत. त्यांची नातवंडं या पार्कात येतील. तिकीट काढून हे करायचं नाही.

त्यानं वाद घातला नाही, पण हिरमुसला. रात्रभर माझ्या डोक्यात ते राहिलं, कारण त्याच्या प्रश्नात वावगं काहीच नव्हतं. काय झालं होतं ते त्याला जाणून घ्यायचं होतं. दुसऱ्या दिवशी मी त्याला आमच्या जुन्या घरांबद्दल सांगितलं. दोन-तीन फूट जाड भिंती, गोल दगड आणि मातीचा चिखल, आतला थर वेगळा आणि बाहेरचा वेगळा, दोघांना बांधून ठेवणारा आरपार दगड बहुतेक ठिकाणी नाही. वर माळवद, लाकडावर अंथरलेली फूट-फूट माती. उन्हाळ्यात त्या घरासारखं थंड घर नाही. आणि हललं की भिंतीचे दोन थर एकमेकांना सोडतात आणि माती खाली येते. नंतर बांधलेल्या घरांना खिडक्या-दारांच्या वर सिमेंट-लोखंडाचा पट्टा फिरवला, तो याचसाठी.

तर पारापासून निघणाऱ्या एका वाटेवर आता एक मांडव आहे. तिथं टेबलं आहेत, लाकडी ठोकळे आहेत, वाळू आहे. मुलांनी भिंत रचायची, छत ठेवायचं आणि टेबल हातानं हलवायचं. पडली की पुन्हा रचायची, यावेळी आरपार ठोकळा घालून. मग पट्टा घालून. भाच्यानं घरी हे कॅरमबोर्डवर करून बघितलं. अकराव्या वेळी भिंत टिकली.

राहिलं पाणी. पार्क म्हटलं की पोरांना पाणी हवं, आणि लातूरला पाण्याचा खेळ काढायचा म्हणजे पेन्सिल जड होते. २०१६ च्या उन्हाळ्यात इथं पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली होती. एप्रिलमध्ये मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. भाचा तेव्हा पाळण्यातून नुकता उतरला होता, त्याला काही आठवत नाही. पण त्यानं पहिला प्रश्न हाच विचारला, "पाणी आणायचं कुठून?" घाटाखालच्या मुलाला तो सुचला नसता.

तसं घसरगुंडीच्या नावेला वाटतं तेवढं पाणी लागत नाही. तेच पाणी पंपानं वर चढवतात, ते खाली येतं, टाकीत जमतं, पुन्हा वर जातं. जातं ते उडण्यात आणि उन्हात वाफ होण्यात. आणि आमचं ऊन एप्रिल-मेमधे काय असतं ते सांगायला नको. म्हणून पाणी जमिनीच्या आत, सावलीत हवं. हे आपल्या बारवा बांधणाऱ्यांना ठाऊक होतं. परभणी जिल्ह्यातल्या वालूरची बारव चक्राकार उतरत जाते. पायऱ्या उतरताना ऊन मागं राहतं आणि पाणी दिसायच्या आधी गारवा लागतो. आणि नळदुर्गचा पाणीमहाल! बोरी नदीवरच्या बंधाऱ्याच्या पोटातच खोल्या. पावसाळ्यात बंधारा भरून वाहायला लागला की पाणी तुमच्या डोक्यावरून जाऊन समोर पडद्यासारखं कोसळतं, आणि तुम्ही आत कोरडे उभे. मी काढलं, बारवेसारखं उतरायचं, पाणीमहालासारखं पाण्याच्या मागं उभं राहायचं. फक्त आवाज, गारवा आणि तुषार. पावसाचं पाणी साठलेलं असेल तोवर चालू, नाहीतर बंद. पाणी कुठल्या पायरीवर आहे ते सगळ्यांना दिसेल असं.

भाचा बराच वेळ कागदाकडं बघत राहिला. "भारीये. पण भिजणार कधी?"

त्याचं बरोबर होतं. मूल भिजलं पाहिजे.

तोवर आबा बाजूला पेपर वाचत होते. इतके रविवार त्यांनी आमच्या कागदाकडं ढुंकून पाहिलं नव्हतं, किंवा मला तसं वाटत होतं. ते म्हणाले, "मोट काढा की."

आणि मग जमिनीवर येऊन बसले. गुडघे दुखतात तरी बसले. विहीर काढायला लावली. मोट म्हणजे बैलांनी ओढायची पाण्याची चामडी पिशवी. वर चाक, चाकावरून मोट ओढायचा जाड दोर, तो नाडा, खाली कण्यावरून सोंडेचा दोर, तो सोंदूर, मोटंची सोंड, सोंडेतून पाणी पडतं ते थारोळं. विहिरीपासून उतरत जाणारी बैलांची वाट, ती धाव. बैल धावेवरून खाली गेले की मोट वर येते. दहा-बारा घागरी पाणी एका खेपेला. आमच्या शेतावर इंजिन यायच्या आधी आबा मोटंवर असायचे, वय भाच्याएवढंच.

"बैल खाली निगाले की मी नाड्यावर बसायचो," ते म्हणाले. "वजन पडायला पायजे ना. नाडा असा ताठ, बैल पळायलेत, आन् मी त्याच्यावर. पाय वर धरायचे. मागं धाडकन पाणी पडल्याचा आवाज यायचा, तवर आमी खाली. दिवसातनं शंभर बारी."

"भीती नव्हती वाटत?" भाच्यानं विचारलं.

"लई वाटायची. म्हणून तर बसायचो."

मी आबांना चाळीस वर्षं ओळखते. कष्टाच्या गोष्टी त्यांनी खूप सांगितल्या, ही कधीच सांगितली नव्हती.

त्यानंतर कागदावरचं बाकी सगळं आम्ही आक्रसून घेतलं आणि मधे धाव आली. तिच्यावर रूळ, रुळांवर वीस मुलांची गाडी. गाडीला नाडा, नाड्याच्या दुसऱ्या टोकाला बारवेत मोट. भाच्यानं हिशोब मांडला. एक पोर तीस किलो धरलं तर वीस पोरं सहाशे किलो. गाडी दहा मीटर खाली उतरली तर तेवढ्या वजनानं जास्तीत जास्त सहाशे लिटर पाणी दहा मीटर वर यावं. घसटण्यात जाणार ते जाऊ दे, चारशे धर. रिकाम्या गाडीचं आणि रिकाम्या मोटंचं वजन एकमेकांवर जाईल असं मोजून घ्यायचं. पंप नाही. मुलं जितकी जास्त तितकं पाणी जास्त. तळाला गाडी थांबते ती थारोळ्यातून येणाऱ्या पाटाखाली, आणि त्यांनीच वर काढलेलं पाणी त्यांच्याच डोक्यावर येतं. तिथून पुन्हा बारवेत. मला तो काळा दोरा बांधलेला घोटा आठवला, आऱ्यावर वळलेला अंगठा.

काल नमुना केला. दोऱ्याचं रिळ हे चाक, बाटलीचं झाकण ही मोट, काडेपेटीची गाडी, पट्टीची धाव. विहीर म्हणजे स्टीलचा तांब्या. पहिल्यांदा दोरा रिळावरून घसरला. दुसऱ्यांदा झाकण तिरकं होऊन पाणी कैलासावर सांडलं, शाई फुटली. तिसऱ्यांदा काडेपेटीत पाच गोट्या टाकल्या तेव्हा झाकण डुगडुगत वर आलं आणि कडेला अडलं. आबांनी एका बोटानं दोरा जरा डावीकडं घेतला. सहावी गोटी टाकली. झाकण काठावर आलं, कलंडलं आणि पाणी पट्टीवरून वाहत खाली काडेपेटीवर पडलं. भाचा ओरडला तसा त्याचा बाप आतून धावत आला.

"पण आता गाडी वर कशी न्यायची?" भाचा म्हणाला. "रिकामी करून ढकलायची?"

"बैल काय वळवून आणायचो का आमी?" आबा म्हणाले. "बैल मागं मागं वर यायचे. उलटे. भिजलेली पोरं उतरून ढकलतेत की उलटी."

भाच्यानं गोट्या काढून घेतल्या, काडेपेटी दोन बोटांनी धरली आणि सावकाश मागं मागं वर न्यायला लागला. झाकण तांब्यात बुडलं.